विहिरीतलं यंत्र का झोपलं? फर्मवेअर, कंटेनर आणि माझा हरवलेला ऑगस्ट

विहिरीतली पाणीपातळी दाबावरून कशी मोजतात, यावर मी मागचा लेख लिहिला होता. तो वाचून माझ्या चुलत्यांचा, म्हणजे नानांचा, माकणीहून फोन आला. म्हणाले, "समदं लिहिलंस पोरी, पण यंत्र पावसाळ्यात महिनाभर झोपलं होतं ते का नाही लिहिलंस?"

नानांचं बरोबर होतं. संशोधनाबद्दल लिहिताना आपण यशाचा आलेख दाखवतो आणि मधली रिकामी जागा गुपचूप झाकतो. म्हणून आज त्या रिकाम्या जागेबद्दलच लिहिते. त्यातून 'सॉफ्टवेअर कंटेनर' ही गोष्ट समजावून सांगायची माझी बरेच दिवसांची इच्छाही पूर्ण होईल. तुम्ही प्रोग्रामिंग करत नसाल तरी वाचा. फार गणित नाही, थोडा गुणाकार आहे.

नेमकं काय झालं

माकणी हे धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण आमच्या गावचंच. नानांच्या विहिरीत मी एक नोंदक बसवलाय. त्याच्या आत आहे एटीमेगा ३२८पी नावाची छोटी चिप. अर्डुइनो उनो बोर्डवर असते तीच. तिच्यात प्रोग्राम ठेवायला जागा ३२ किलोबाइट आणि कामापुरती मेमरी फक्त २ किलोबाइट. पाण्यात दाबाचा सेन्सर सोडलेला, वर मोबाइलचं सिम असलेलं एक मॉड्यूल. चालू केल्यावर लगेच एकदा मोजून एसएमएस पाठवायचा, नंतर साधारण दर १५ मिनिटांनी मोजायचं आणि ठरावीक वेळेला नोंदींचा एसएमएस पाठवायचा.

बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून ही चिप बहुतेक वेळ झोपलेली असते. तिच्यात 'वॉचडॉग' नावाचा एक टायमर असतो, तो तिला जास्तीत जास्त ८ सेकंदांनी उठवू शकतो. म्हणून ती ८ सेकंद झोपते, उठते, मोजणीत एक वाढवते, परत झोपते. असं ११२ वेळा झालं की ८९६ सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ १५ मिनिटं. मग एकदा पाणी मोजायचं.

मे, जून, जुलै सगळं छान चाललं. जुलैअखेर मी एक लहानसा बदल केला. एसएमएसमध्ये बॅटरीचा व्होल्टेजही यावा म्हणून चार ओळी वाढवल्या. तोवर प्रयोगशाळेतला जुना संगणक बंद पडला होता, म्हणून तो प्रोग्राम मी माझ्या नव्या लॅपटॉपवर तयार केला. टेबलावर यंत्र चालू केलं, एसएमएस आला. पुण्याहून सोलापूरमार्गे एसटीनं माकणीला गेले, नवा प्रोग्राम चढवला, विहिरीच्या काठावरच एसएमएस आला. नानींच्या हातची भाकरी खाऊन मी परत निघाले.

त्यानंतर एकही एसएमएस आला नाही.

मी धरून चालले की नेटवर्क गेलं असणार. पावसाळ्यात आमच्याकडे रेंज येते-जाते. मग इकडे प्रॅक्टिकलच्या परीक्षा लागल्या, आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत गावाला जाणं जमलं नाही. भूजलाच्या अभ्यासात ऑगस्ट म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरून विहिरी चढण्याचा काळ. नेमका तोच कोरा राहिला.

गेले तेव्हा नानांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं. यंत्राचा निरोप येत नाही म्हटल्यावर त्यांनी गाठी मारलेली दोरी सोडून अधूनमधून पाणी मोजलं होतं आणि तारखेखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: दोन परस, अडीच परस, तीनला थोडं कमी. परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची. माझ्या प्रबंधात त्या ऑगस्टचे आकडे आहेत ते या कॅलेंडरवरचे. तळटीप तशीच दिली आहे.

चूक कुठे होती?

पहिल्यांदा मी त्या चार नव्या ओळी तपासल्या. त्या निर्दोष होत्या. जुलैपर्यंत चालणारा जुना कोड काढला, नव्या लॅपटॉपवर तयार केला आणि टेबलावर रात्रभर ठेवला. तोही एक एसएमएस पाठवून गप्प! म्हणजे जो कोड तीन महिने विहिरीत चालला, तोच कोड, एक अक्षर न बदलता, आता चालत नव्हता.

हे कसं होतं ते समजायला फर्मवेअर कसं तयार होतं ते पाहू.

आपण सी भाषेत जे लिहितो ते चिपला कळत नाही. 'कंपाइलर' नावाचा प्रोग्राम त्याचं चिपच्या भाषेत रूपांतर करतो. एवढ्याशा चिपवर कंपाइलर चालूच शकत नाही, म्हणून तो आपल्या लॅपटॉपवर चालतो आणि दुसऱ्याच जातीच्या चिपसाठी आज्ञा तयार करतो. याला क्रॉस-कंपायलेशन म्हणतात. या कामात कंपाइलर एकटा नसतो. चिपच्या निर्मात्याच्या हेडर फाइली, तयार लायब्ररी, तुकडे जोडणारा लिंकर, आणि 'किती बारीक घासूनपुसून घे' हे सांगणारी ऑप्टिमायझेशनची सेटिंग असा सगळा गोतावळा असतो. यातलं काहीही बदललं की शेवटी चिपमध्ये जाणारी फाइल बदलते.

पुरणपोळीचं उदाहरण घ्या. डाळ आणि गूळ तोच, कृतीही तीच. पण चूल बदलली, तवा बदलला, तर पोळी तीच होईल याची खात्री कोण देणार? मी कृती जपून ठेवली होती. स्वयंपाकघर जपलं नव्हतं.

माझ्या बाबतीत फरक असा निघाला. वॉचडॉग टायमर चिपला उठवताना एका व्हेरिएबलमध्ये 'उठले' अशी खूण करायचा. मुख्य प्रोग्राम झोपायच्या फंक्शनला हाक मारायचा आणि परत आल्यावर ती खूण पाहायचा. झोपायचं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये होतं. जुन्या संगणकावरचा कंपाइलर एकेक फाइल वेगळी हाताळायचा. दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शननं खूण बदलली असेल, अशी शंका त्याला घ्यावीच लागायची, म्हणून तो दर वेळी मेमरीत जाऊन ती पुन्हा वाचायचा. नव्या लॅपटॉपवरच्या सेटिंगमध्ये सगळ्या फाइली एकत्र पाहून घासाघीस होत होती. तिथं कंपाइलरला दिसलं की झोपायचं फंक्शन त्या खुणेला हातच लावत नाही. मग ती परत परत कशाला वाचायची? त्यानं ती एकदाच वाचली आणि 'अजून उठलेली नाही' हे उत्तर कायमचं धरून ठेवलं. चिप दर ८ सेकंदांनी उठायची, जुनंच उत्तर पाहायची आणि परत झोपायची.

म्हणजे नानांचं निदान शब्दशः खरं होतं. यंत्र झोपलंच होतं.

खरी चूक माझीच. अशा व्हेरिएबलपुढे 'व्होलाटाइल' हा शब्द लिहायचा असतो. 'हे कधीही, तुझ्या नकळत बदलू शकतं, दर वेळी वाच' असं त्यातून कंपाइलरला सांगितलं जातं. तो शब्द मी सुरुवातीपासून विसरले होते. जुनी मांडणी चूक झाकत होती, नवीनं ती उघडी पाडली. पण मला ते कळायला चार दिवस लागले, कारण जुना संगणक गेला होता आणि त्यावर कंपाइलरची कोणती आवृत्ती होती, कोणत्या सेटिंग होत्या, याची नोंद कुठेच नव्हती.

सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळाच होता. मे ते जुलै विहिरीत नेमकी कोणती फाइल चालत होती, हे मी सिद्ध करू शकत होते का? नाही.

कंटेनर म्हणजे काय

आधी खरा कंटेनर पाहू, लोखंडी. पूर्वी जहाजावर माल चढवायचा म्हणजे पोती, पेट्या, पिंपं एकेक करून चढवायची. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकन मालवाहतूकदाराचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं आणि धंद्याची रीत बदलली. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही, पेटीचं माप ठरलेलं असलं की झालं. १९८९ साली आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, ते मुख्यतः याच कामासाठी.

सॉफ्टवेअरचा कंटेनरही तसाच. कंपाइलर, लायब्ररी, हेडर फाइली, सेटिंग, सगळं एका पेटीत भरायचं. ती पेटी माझ्या लॅपटॉपवर, तुमच्या लॅपटॉपवर किंवा दूरच्या सर्व्हरवर उघडा, आतलं स्वयंपाकघर तेच.

"हे तर व्हर्च्युअल मशीन झालं," असं कोणी म्हणेल. फरक आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत अख्खा दुसरा संगणक, त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होते. कंटेनरमध्ये मूळ संगणकाचाच लिनक्स कर्नल वापरला जातो. आतल्या प्रोग्रामला फक्त स्वतःपुरत्याच फाइली, स्वतःपुरत्याच प्रक्रिया दिसतील अशी भिंत घातलेली असते. वाड्यात वेगळी बिऱ्हाडं राहतात तसं: चूल वेगळी, दार वेगळं, पाया एकच. म्हणून कंटेनर काही क्षणांत सुरू होतो आणि जागाही कमी खातो.

कल्पना जुनी आहे. एखाद्या प्रोग्रामला फाइलींचा ठरावीक भागच दाखवायची 'सीएचरूट' ही सोय १९७९ च्या युनिक्समध्ये होती. लिनक्समध्ये वेगळ्या भिंती घालायची 'नेमस्पेस' ही यंत्रणा २००२ पासून येत गेली, आणि कोणी किती मेमरी व प्रोसेसर वापरायचा यावर मर्यादा घालणारे 'सीग्रुप' २००८ मध्ये आले. २०१३ साली डॉकर आलं आणि हे सगळं साध्या माणसाला वापरता येईल असं झालं. आज पॉडमॅनसारखे दुसरे पर्यायही आहेत आणि पेटीचं माप ठरवणारं खुलं प्रमाणही आहे.

मी आता काय करते

एक छोटी मजकूर-फाइल असते, तिला डॉकरफाइल म्हणतात. तिच्यात स्वयंपाकघर कसं मांडायचं ते क्रमानं लिहिलेलं असतं: अमुक आवृत्तीचं डेबियन घे, त्यावर एव्हीआर चिपसाठीचा अमुक आवृत्तीचा जीसीसी कंपाइलर बसव, अमुक लायब्ररी टाक. त्यावरून 'इमेज' तयार होते. इमेज म्हणजे बंद करून ठेवलेली पेटी, आणि कंटेनर म्हणजे ती उघडून चालू केलेलं काम. डॉकरफाइल मी कोडच्या शेजारीच, त्याच गिट भांडारात ठेवते.

यात तीन खड्डे आहेत. तिन्हींत मी पडून उठले आहे, म्हणून सांगते.

पहिला: आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहिणं. आजचं ताजं आणि सहा महिन्यांनी येणारं ताजं वेगळं असतं. आवृत्ती आकड्यानं लिहा. त्याहून पक्कं म्हणजे इमेजचा 'डायजेस्ट' लिहा. तो ६४ अक्षर-अंकांचा ठसा असतो. इमेजमध्ये एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. नाव कोणीही दुसऱ्या पेटीवर चिकटवू शकतं, ठसा तसा चिकटवता येत नाही.

दुसरा: डॉकरफाइल जपली म्हणजे इमेज जपली असं समजणं. कृती तीच असली तरी किराणा इंटरनेटवरून येतो, आणि दुकानातला माल बदलतो किंवा संपतो. म्हणून शेतात जाणाऱ्या प्रत्येक फर्मवेअरबरोबर मी तयार इमेजच एका फाइलमध्ये उतरवून प्रयोगशाळेच्या डिस्कवर ठेवते. काही शे मेगाबाइट जातात. एका ऑगस्टपेक्षा स्वस्त.

तिसरा: कोडमध्येच आजची तारीख-वेळ छापणं. सी भाषेत तशी सोय आहे आणि ती वापरायचा मोह होतो. पण मग तोच कोड दोनदा तयार केला तरी दोन वेगळ्या फाइली निघतात, आणि 'दोन्ही एकच का?' हे तपासता येत नाही. तारीख काढून टाकली की तोच कोड आणि तीच इमेज यांतून बाइटन् बाइट सारखी फाइल निघते. डेबियनच्या मंडळींनी २०१३ पासून या 'पुनरुत्पादनीय बिल्ड'च्या मागे लागून हजारो पॅकेजेस तशी करून दाखवली आहेत. माझं एक पॅकेज करायला अर्धा दिवस लागला.

तारखेऐवजी आता मी कोडच्या आवृत्तीचा गिटमधला ठसा आणि इमेजच्या ठशाची पहिली काही अक्षरं फर्मवेअरमध्ये घालते. प्रत्येक एसएमएसच्या शेवटी ती येतात. नानांच्या विहिरीतून आलेली कोणतीही नोंद कोणत्या कोडनं आणि कोणत्या कंपाइलरनं तयार झाली, हे आता मी सांगू शकते.

चाचणी: बादली आणि विहीर

कंटेनरचा अर्धा फायदा बिल्डमध्ये आहे, उरलेला चाचणीत. इथं माझी आणखी एक जुनी चूक कामाला येते.

माझा सेन्सर ० ते १० मीटर पाण्याला ४ ते २० मिलीअँपियर विद्युतधारा देतो. २५० ओहमच्या रोधातून ती गेली की १ ते ५ व्होल्ट मिळतात. चिप त्याचा ० ते १०२३ मधला आकडा करते. १ व्होल्टला साधारण २०५, ५ व्होल्टला १०२३. म्हणजे १००० सेंटीमीटरसाठी ८१८ पायऱ्या. सूत्र सोपं: आकड्यातून २०५ वजा करा, १००० नं गुणा, ८१८ नं भागा. उत्तर सेंटीमीटरमध्ये.

हे मी लॅपटॉपवर तपासलं, बरोबर. चिपवर चढवून बादलीत तपासलं, ३० सेंटीमीटर पाणी, उत्तर ३०. मग विहिरीत सोडलं. तीन मीटर पाणी असताना उत्तर आलं उणे २० सेंटीमीटर!

कारण गुणाकारात आहे. या चिपवर सी भाषेतली साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असते, तिच्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. लॅपटॉपवर तीच ३२ बिटांची, म्हणून तिथं सगळं सुरळीत. बादलीत फरक २५ पायऱ्यांचा, गुणिले १००० म्हणजे २५,०००, मावला. तीन मीटरला २४५ पायऱ्या, म्हणजे २,४५,०००. तो आकडा गाडीच्या मीटरसारखा फिरून फिरून उणे १७,१४४ वर थांबला, आणि त्याला ८१८ नं भागलं की उणे २०. साधारण ४० सेंटीमीटरपर्यंत सगळं बरोबर, त्यापुढे काहीही. माझी बादली नेमकी त्या मर्यादेच्या आत होती.

ही चूक फक्त नवशिक्यांची असते असं समजू नका. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच नष्ट झालं. एरियान ४ मधून आणलेल्या कोडमध्ये ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबली जात होती. जुन्या रॉकेटच्या वेगाला ती मावायची, नव्याच्या मावली नाही.

आता कंटेनरमध्ये कंपाइलरबरोबरच एटीमेगाची नक्कल करणारा सिमएव्हीआर हा प्रोग्रामही आहे. कोडमध्ये काहीही बदलून मी तो भांडारात टाकला, की दूरच्या सर्व्हरवर तीच पेटी आपोआप उघडते आणि तीन टप्प्यांत तपासणी होते. आधी सूत्रांची, साध्या संगणकावर. मग तीच सूत्रं नकली चिपवर, ० पासून १० मीटरपर्यंत प्रत्येक पायरीसाठी, म्हणजे बादलीही आली आणि विहीरही. शेवटी अख्खं फर्मवेअर नकली चिपवर एक पूर्ण दिवस चालवायचं. नकली दिवस खऱ्या दिवसाएवढा लांब नसतो, लवकर आटोपतो. दिवसाअखेर किमान ९६ नोंदी झाल्या नाहीत तर लाल दिवा. माझ्या जुलैच्या फर्मवेअरला या चाचणीत फक्त एक नोंद मिळाली असती आणि मी एसटीत बसलेच नसते.

कंटेनर काय करत नाही

इथं थोडं जपून बोलायला हवं, कारण डॉकर शिकल्यावर पहिले काही दिवस प्रत्येक दुखण्यावर तेच औषध वाटतं.

कंटेनर तुमची चूक दुरुस्त करत नाही. 'व्होलाटाइल' विसरलेला कोड कंटेनरमध्येही चुकीचाच. उलट मी जुनीच मांडणी पेटीत बंद केली असती, तर चूक कायमची झाकली गेली असती. म्हणून मी मुद्दाम दोन इमेज ठेवते, एक शेतातल्या फर्मवेअरची आणि एक नव्या कंपाइलरची, आणि चाचण्या दोन्हींत चालवते. एकीत पास आणि दुसरीत नापास झालं, की कोडमध्ये काहीतरी लपलंय असं समजायचं.

कंटेनरमध्ये विहीर मावत नाही. नकली चिपचा वॉचडॉग अगदी घड्याळासारखा ८ सेकंद मोजतो. खऱ्या चिपमधला तापमान आणि व्होल्टेजनुसार मागेपुढे होतो. म्हणून नोंदीची वेळ मी वेगळ्या घड्याळाच्या चिपवरून घेते. ओलावा, गंजलेला जोड, उंदरानं कुरतडलेली वायर यांची चाचणी कोणत्याही पेटीत होत नाही. त्यासाठी आता टेबलावर एक खरं यंत्र ठेवलंय. नवीन फर्मवेअर त्यावर दोन दिवस चालल्याशिवाय गावाला जात नाही.

आणि खऱ्या बोर्डवर प्रोग्राम चढवायचा तर कंटेनरला यूएसबी पोर्ट द्यावा लागतो. लिनक्सवर हे एका सूचनेत होतं. विंडोज आणि मॅकवर डॉकर आतमध्ये एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालवत असतं, त्यामुळे पोर्ट आत पोचवणं कटकटीचं होतं. माझ्या ज्युनिअरनं त्यात दोन दिवस घालवले. सोपा मार्ग असा: फाइल कंटेनरमध्ये तयार करा, चढवायचं काम बाहेरून करा.

एका विहिरीसाठी एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न मला प्रयोगशाळेतही विचारतात. याचं उत्तर माकणीत आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी इथून जवळ, सास्तूर तर आमच्याच तालुक्यातलं. हजारो माणसं गेली. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्या घरात तिचं वय अजून मोजलं जातं: 'भूकंपाच्या आधी', 'भूकंपानंतर'.

त्यानंतर शास्त्रज्ञांमध्ये एक प्रश्न निघाला. निम्न तेरणा धरणात साठलेल्या पाण्याचा या भूकंपाशी काही संबंध असेल का? कोयनेच्या १९६७ च्या भूकंपामुळे हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. काही संशोधकांनी तशी शक्यता मांडली, इतरांना ती पटली नाही. मी त्या विषयातली नाही, कोण बरोबर हे ठरवायचा माझा अधिकारही नाही. पण ते लेख वाचताना एक गोष्ट मनावर ठसली. असा वाद अखेर जुन्या नोंदींवर येऊन थांबतो. पाणी कोणत्या तारखेला किती होतं, हादरे कधी बसले, कोणत्या उपकरणानं टिपले, त्या उपकरणावर विश्वास किती ठेवायचा.

नोंद करणाऱ्याला पुढे कोण काय विचारणार हे माहीत नसतं. नानांच्या विहिरीतले आकडे वीस वर्षांनी कोणी दुष्काळासाठी पाहील, कोणी धरणाच्या पाझरासाठी, कोणी आणखी कशासाठी. त्या माणसानं विचारलं, "हा आकडा कसा आला?", तर उत्तर देता आलं पाहिजे. कोड जपलाय, पेटी जपलीय, ठसा प्रत्येक नोंदीबरोबर आहे. तो माणूस माझं फर्मवेअर पुन्हा तयार करू शकेल आणि हवं तर माझी चूकही शोधू शकेल.

तुम्ही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी एखादं छोटं यंत्र करत असाल, तर आज एवढंच करा: तुमच्या संगणकावरच्या कंपाइलरची आवृत्ती आणि सेटिंग कोडशेजारी एका फाइलमध्ये लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. डॉकरफाइल म्हणजे तीच नोंद, फक्त संगणकालाही वाचता येईल अशी.

नवं फर्मवेअर चढवायला गेले तेव्हा नाना शेजारी उभे होते. एसएमएस आला. मी निघायची तयारी करू लागले तर म्हणाले, "थांब, दुसरा येऊ दे." आम्ही विहिरीच्या काठावर पंधरा मिनिटं बसलो, सोयाबीनच्या गप्पा मारल्या. दुसरा आला. मग तिसऱ्यासाठीही बसलो.

कॅलेंडरवर नाना अजूनही दर रविवारी परस लिहितात. मी बंद करायला सांगितलेलं नाही.